डोळ्यांतली लाली

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणातल्या भुईनळ्यांच्या झगमगाटातून कोणी घरामागच्या काळोख्या पडवीत गेला, की त्याला क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू तुळशीवृंदावन दिसू लागते, दोरीवरचे धुणे दिसू लागते, आणि पाच-दहा मिनिटांनी कोपऱ्यातली घागरसुद्धा ओळखू येते. डोळा अंधाराला सरावला असे आपण म्हणतो. पण सरावतो म्हणजे त्याचे नेमके काय होते? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सव्वाशे वर्षे लागली, आणि त्यापायी कित्येक बेडूक, काही ससे आणि दोन-तीन मोठी माणसे यांना बरेच सोसावे लागले.

कथेचा आरंभ १८७६ साली रोम शहरात होतो. फ्रान्झ बॉल हा सत्तावीस वर्षांचा जर्मन शरीरशास्त्रज्ञ तेथे प्राध्यापक होता. अंधारात ठेवलेल्या बेडकाचा डोळा काढून त्याने आतला नाजूक पडदा उलगडला, तेव्हा तो लालभडक दिसला. आणि पाहता पाहता, अर्ध्या मिनिटाच्या आत, ती लाली उडून गेली. उन्हात ठेवलेल्या बेडकांचे पडदे मुळातच फिके निघत, पण तेच बेडूक पुन्हा अंधारात ठेवले की लाली परत येई. त्याच्याआधीही एक-दोघांनी हा रंग पाहिला होता, पण त्याचा प्रकाशाशी संबंध जोडला तो बॉलनेच. आपला शोध त्याने बर्लिनच्या विद्वत्सभेला कळवला. पुढे फार काही करणे त्याच्या नशिबी नव्हते. क्षयाने पोखरलेला हा तरुण १८७९ च्या डिसेंबरात वारला, तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता.

बातमी हायडेलबर्गला पोचली आणि तेथल्या विल्हेल्म क्यूने या प्राध्यापकाने इतर सारी कामे बाजूला सारून डोळ्याचा ध्यास घेतला. क्यूने हा दांडगा माणूस. पचनरसांवर त्याचा मोठा अधिकार होता, आणि 'एन्झाइम' हा शब्दही त्याच सुमारास त्यानेच घडवला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'खमिरातले' असा. हा शब्द या गोष्टीच्या शेवटी पुन्हा भेटणार आहे. बॉलच्या हयातीतच क्यूनेने त्या विषयाचा असा काही ताबा घेतला, की शोध कोणाचा याविषयी लोकांचा घोटाळा व्हावा. हे काही फारसे शोभणारे नव्हते. परंतु काम मात्र त्याने पहिल्या प्रतीचे केले, हेही कबूल केले पाहिजे. तो लाल पदार्थ पाण्यात विरघळेना, तेव्हा क्यूनेने पित्त वापरले. जनावराच्या पित्तात मेद फोडण्याचा जो गुण असतो, त्याच्या जोरावर लाल रंग पडद्यातून सुटून द्रावणात उतरला. त्याला आज आपण ऱ्होडॉप्सिन म्हणतो.

पण क्यूनेचे नाव झाले ते सशामुळे. पांढरा ससा गजांच्या खिडकीसमोर बांधायचा, काही मिनिटे डोके कापडाने झाकायचे, मग कापड काढून तीन मिनिटे त्याला खिडकी बघू द्यायची. लगेच त्याला मारून डोळ्याचा पडदा तुरटीच्या पाण्यात टाकायचा. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्या पडद्यावर खिडकी उमटलेली! उजेडाच्या चौकटी फिक्या, गज लाल. मग काय विचारता? खून झालेल्या माणसाच्या डोळ्यांत खुन्याची तसबीर सापडणार, अशी युरोपभर हवा झाली. ज्यूल व्हर्न या कादंबरीकाराने १९०२ साली त्यावर एक कथानकच रचले. १८८० साली क्यूनेला ब्रुखझाल गावी शिरच्छेद झालेल्या एका कैद्याचा डोळा तपासायला मिळाला, तेव्हा पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांची काहीशी आकृती दिसली. ती कशाची हे ठरवता आले नाही. कोणी म्हणाले, ते गिलोटिनचे पाते. पोलिसांना या विद्येचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

त्या गडबडीत क्यूनेचे एक निरीक्षण मागे पडले. डोळ्याचा पडदा मागच्या काळसर थरापासून सोडवला की उडालेली लाली परत येत नाही. पुन्हा त्या थराला चिकटवून ठेवला की येते. म्हणजे रंगाचा कारखाना मागल्या खोलीत आहे. पण तेथे कोण राबते, ते त्या काळी कळण्याजोगे नव्हते.

आता पन्नासएक वर्षे ओलांडून १९३२ सालच्या बर्लिनला जाऊ. न्यू यॉर्कच्या एका शिंप्याचा मुलगा, जॉर्ज वॉल्ड, ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत शिकायला आला होता. जनावरांच्या डोळ्यांच्या पडद्यांचा अर्क त्याने अँटिमनीच्या एका क्षाराबरोबर मिसळला आणि अर्क निळा झाला. ही 'अ' जीवनसत्त्वाची खूण. रातांधळेपणाचा आणि या जीवनसत्त्वाचा संबंध तोपर्यंत वैद्यांना माहीत होता. आपल्या सुश्रुतसंहितेतही रातांधळ्याला यकृत खाऊ घालायला सांगितले आहे, आणि यकृतात हे जीवनसत्त्व ठासून भरलेले असते. पण ते खुद्द डोळ्याच्या पडद्यात आहे हे प्रथमच दिसले. झुरिकला जाऊन वॉल्डने पाउल कारर यांच्याकडून खात्री करून घेतली आणि मग तो हायडेलबर्गला, म्हणजे क्यूनेच्याच गावी, येऊन पोचला.

तोवर १९३३ साल उजाडले होते आणि हिटलर सत्तेवर आला होता. वॉल्ड ज्यू, त्याला परत बोलावणे आले. उन्हाळ्याच्या सुटीत प्रयोगशाळा ओस पडलेली, आणि नेमके तेव्हाच हंगेरीहून मागवलेले तीनशे बेडूक येऊन पडले. त्यांना सोडून देण्याचा विचार चालला होता. वॉल्डने ते मागून घेतले. त्या उरल्यासुरल्या दिवसांत त्याने पाहिले, की अंधारातल्या लाल पडद्यावर उजेड पडला की आधी एक पिवळा पदार्थ सुटतो आणि तो पुढे 'अ' जीवनसत्त्वात बदलतो. पिवळ्याला त्याने रेटिनीन नाव दिले. ते 'अ' जीवनसत्त्वाचेच जवळचे भावंड आहे, हे १९४४ साली लिव्हरपूलच्या मॉर्टन यांनी दाखवले.

पुढचे पाऊल हार्वर्ड विद्यापीठात पडले, आणि त्यात रूथ हबर्ड हिचा वाटा मोठा होता. व्हिएन्नाच्या डॉक्टर आईबापांची ही मुलगी १९३८ साली घरच्यांबरोबर नाझींपासून पळून अमेरिकेत आलेली. १९५८ साली तिने आणि अॅलन क्रॉफ यांनी सिद्ध केले, की प्रकाशाचे काम अगदी थोडके आहे. ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या पोटात रेटिनीनची साखळी कोपरासारखी वाकून बसलेली असते. प्रकाशकण आदळला की ती सरळ होते, बस्स. मग सरळ झालेली साखळी प्रथिनाला ढुशी देते, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, एक फळी कामाला लागून मेंदूपर्यंत वर्दी जाते. वॉल्डला १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते ग्रॅनिट आणि हार्टलाइन यांच्यासमवेत. हबर्डचे नाव त्यात नव्हते. ते असायला हवे होते, असे मला वाटते.

हे सारे रसायनावरून बांधलेले अनुमान झाले. प्रथिनाचा आकार प्रत्यक्ष पाहायचा, तर त्याचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण सोडावे लागतात. आणि हे प्रथिन तर पेशीच्या मेदाच्या पापुद्र्यात रुतलेले. बाहेर काढले की त्याचा लगदा होणार, आणि उजेड लागला की रंग जाणार. हरगोविंद खुराना यांनी १९६८ च्या नोबेलनंतर उरलेल्या आयुष्यातली बरीच वर्षे अशाच प्रथिनांना वाहिली. एकेक दुवा बदलून काय बिघडते हे ते पाहत राहिले. शेवटी २००० साली पाल्चेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाईच्या डोळ्यांतल्या ऱ्होडॉप्सिनची रचना उलगडता आली: ३४८ दुव्यांची साखळी, पापुद्र्यातून सात वेळा आरपार गेलेली, आणि मधल्या खोबणीत ते वाकडे रेटिनीन. हबर्डने चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेले कोपर तेथे तसेच होते. प्रथिन मेदातून सोडवायला साबणासारखी द्रव्ये वापरावी लागतात. म्हणजे क्यूनेच्या पित्ताचीच सुधारलेली आवृत्ती.

राहिला तो मागल्या खोलीतला कारागीर. सरळ झालेले रेटिनीन पुन्हा वाकवणारे विकर कोणते, हे २००५ साली निश्चित झाले. ते त्या काळसर थरातच असते आणि त्याला आरपीई-६५ म्हणतात. ज्या मुलांच्या अंगी ते जन्मतःच बिघडलेले असते, त्यांना 'अ' जीवनसत्त्व कितीही दिले, शेवग्याचा पाला खाऊ घातला, तरी गुण येत नाही. कारण त्यांच्याकडे माल आहे, पण तो वाकवणारा हात नाही. तिन्हीसांजेला ती चाचपडू लागतात, आणि पुढे दिवसाही. त्यांच्या डोळ्यांत त्या विकराचे चांगले जनुक सोडण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. चाचणी साधीच होती. जमिनीवर बाण आखलेली, मध्ये अडथळे ठेवलेली एक वाट, आणि दिवा टप्प्याटप्प्याने मंद करत नेलेला. उपचारानंतर त्यांतली बरीच मुले सर्वांत मंद, चांदण्या रात्रीच्या जवळपास जाणाऱ्या उजेडातही ती वाट न अडखळता चालून गेली.