दोलामुद्रिते

दोलामुद्रिते म्हणजे एखाद्या प्रदेशातील किंवा भाषेतील मुद्रणकलेच्या बाल्यावस्थेत छापले गेलेले ग्रंथ होत. युरोपच्या संदर्भात ही संज्ञा इ.स. १५०० च्या अखेरपर्यंत जंगम खिळ्यांनी छापलेल्या ग्रंथांना लावतात. मराठीच्या संदर्भात ती सर्वसाधारणपणे मुद्रणाच्या आरंभापासून १८६७ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांसाठी वापरली जाते. युरोपीय दोलामुद्रितांमध्ये प्राचीन लॅटिन साहित्याच्या पहिल्या छापील आवृत्त्यांना संग्राहकांनी नेहमीच मानाचे स्थान दिले. मराठी दोलामुद्रितांत व्याकरणे, कोश, क्रमिक पुस्तके, धर्मग्रंथ आणि प्राचीन काव्याच्या आद्य आवृत्त्या यांचा समावेश होतो.

संज्ञा आणि कालमर्यादा

'दोला' म्हणजे पाळणा किंवा झोपाळा. 'दोलामुद्रित' हा शब्द लॅटिन 'इनकुनाबुला' या शब्दाला मराठीत योजलेला पर्याय आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तान्ह्या मुलाला गुंडाळण्याची वस्त्रे, पाळणा आणि त्यावरून कोणत्याही गोष्टीचा आरंभ असा होतो. सतराव्या शतकात बर्नहार्ड फॉन मालिंक्रॉट या जर्मन विद्वानाने मुद्रणाच्या उगमावरील आपल्या ग्रंथात हा शब्द आद्य मुद्रणकाळासाठी वापरला आणि पुढे तो त्या काळातील पुस्तकांसाठी रूढ झाला.

१५०० ही मर्यादा सोयीसाठी ठरविलेली आहे. त्या वर्षी मुद्रणाच्या तंत्रात कोणताही मूलभूत बदल झाला नव्हता. मराठीसाठी मानलेल्या १८६७ या मर्यादेला मात्र प्रशासकीय आधार आहे. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात मुद्रणालये व पुस्तकांची नोंदणी यांविषयीचा पंचविसावा कायदा संमत झाला. त्यानुसार छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले आणि दर तिमाहीला नव्या पुस्तकांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांची अशी नियमित सरकारी नोंद नसल्याने त्यांचा शोध प्रत्यक्ष प्रतींवरून, जाहिरातींवरून, अहवालांवरून आणि जुन्या सूचींवरून घ्यावा लागतो.

युरोपातील दोलामुद्रिते

योहान गुटेनबर्ग याने जर्मनीतील माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास बायबल छापून पूर्ण केले. त्यानंतरच्या साडेचार दशकांत युरोपभर सुमारे ३०,००० आवृत्त्या निघाल्याची नोंद आहे. त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लॅटिन भाषेत आहेत. धर्म, कायदा, वैद्यक आणि शिक्षण या सर्वांची भाषा त्या काळी लॅटिनच होती.

प्राचीन लॅटिन ग्रंथकारांपैकी सिसेरो हा आरंभीच छापला गेला. १४६५ मध्ये माइन्झ येथे फुस्ट आणि शफर यांनी त्याचा 'दे ऑफिकीस' हा ग्रंथ छापला. त्याच सुमारास रोमजवळील सुबियाको येथील मठात स्वाइनहाइम आणि पानार्ट्झ या जर्मन मुद्रकांनी त्याचा 'दे ओरातोरे' छापला. पुढे या दोघांनी रोममध्ये १४६९ च्या सुमारास व्हर्जिल आणि लिव्ही यांच्या पहिल्या आवृत्त्या काढल्या. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये योहानेस द स्पिरा याने प्लिनीचा 'नॅचरल हिस्टरी' हा विश्वकोशासारखा ग्रंथ छापला. ल्युक्रीशसचे काव्य १४७३ च्या सुमारास ब्रेशिया येथे छापले गेले.

प्राचीन ग्रंथाच्या अशा पहिल्या छापील आवृत्तीला लॅटिनमध्ये 'एदितिओ प्रिन्केप्स' म्हणतात. ज्या हस्तलिखितावरून ती छापली गेली ते पुढे नष्ट झाले असल्यास अशा आवृत्तीला विशेष महत्त्व येते. दोलामुद्रितांच्या मर्यादेनंतरचे पण बोलके उदाहरण वेलेइयस पातर्क्युलस या रोमन इतिहासकाराचे आहे. त्याच्या इतिहासाचे एकमेव हस्तलिखित १५१५ मध्ये मुर्बाख येथील मठात सापडले. ते आज उपलब्ध नाही, त्यामुळे १५२० मध्ये बाझेल येथे निघालेली आवृत्ती हाच त्या ग्रंथाच्या पाठाचा मुख्य आधार आहे.

संग्रहाची परंपरा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील सरदार घराण्यांत अभिजात ग्रंथांच्या आद्य आवृत्त्या जमविण्याची चढाओढ लागली. दुसरा अर्ल स्पेन्सर याने ऑलथॉर्प येथे जमविलेला संग्रह त्यांत अग्रगण्य होता. त्याचे वर्णन टॉमस फ्रॉग्नल डिब्डिन याने अनेक खंडांत केले. १८९२ मध्ये एन्रिकेटा रायलँड्स यांनी हा संग्रह विकत घेतला. त्यांनी पतीच्या स्मरणार्थ मँचेस्टर येथे उभारलेल्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात तो १९०० पासून वाचकांसाठी खुला झाला. विसाव्या शतकात संग्रहाला शास्त्रीय सूचीची जोड मिळाली. जर्मनीत १९२५ पासून दोलामुद्रितांची समग्र सूची प्रसिद्ध होऊ लागली. ब्रिटिश लायब्ररीने १९८० मध्ये हाती घेतलेल्या संगणकीय सूचीमुळे जगभरातील प्रतींची माहिती एकत्र आली.

मराठी दोलामुद्रिते

गोवा

भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला. तेथे १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता याचा भारतीय वनौषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. त्याचे कार्लुस क्लूसियस याने केलेले संक्षिप्त लॅटिन रूपांतर १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे गोव्यात छापलेली माहिती युरोपातील विद्वानांपर्यंत पोहोचली.

फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. हा ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा प्रसिद्ध केला. वेलेइयसच्या ग्रंथाचे हस्तलिखित गेले आणि छापील प्रत उरली, ख्रिस्तपुराणाच्या बाबतीत याच्या उलट घडले. गोव्यातील मुद्रण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबले आणि १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाले.

पुणे, मिरज आणि तंजावर

पेशवाईच्या अखेरच्या काळात नाना फडणीस आणि पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने पुण्यातील एका तांबटाने देवनागरी अक्षरे कोरण्याचा प्रयत्न केला. १८०० मध्ये नानांचा मृत्यू झाला आणि पुण्यातील काम अपुरे राहिले. पुढे मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापण्यात आली. हा ग्रंथ संस्कृत असल्याने तो काटेकोर अर्थाने मराठी दोलामुद्रित ठरत नाही, तथापि मराठी प्रदेशातील मुद्रणाच्या इतिहासात त्याला स्थान आहे.

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या राजवाड्यात देवनागरी छापखाना स्थापन केला. तेथे इसापच्या कथांचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापले गेले. सरफोजी स्वतः मोठे ग्रंथसंग्राहक होते. त्यांनी हस्तलिखितांबरोबरच इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी युरोपीय भाषांतील छापील पुस्तकेही जमविली. त्यांचा संग्रह आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे.

श्रीरामपूर

बंगालमधील श्रीरामपूर येथील बाप्टिस्ट मिशनच्या छापखान्यात १८०५ मध्ये विल्यम केरी याचे मराठी भाषेचे इंग्रजी व्याकरण छापले गेले. त्यातील मराठी मजकूर देवनागरीत आहे. पुढे तेथे मोडी लिपीचे खिळे तयार झाले आणि १८१० चा केरीचा मराठी–इंग्रजी कोश मोडीचा वापर करून छापण्यात आला. वैजनाथ शर्मा कानफाडे यांच्या 'सिंहासन बत्तिशी' (१८१४) व 'हितोपदेश' (१८१५) या मोडीत छापलेल्या पुस्तकांना मराठी गद्याच्या इतिहासात महत्त्व आहे.

मुंबई

अमेरिकन मिशनने १८१७ पासून मुंबईत मराठी मुद्रण सुरू केले. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत शाळांसाठी पुस्तके तयार करण्याच्या कामाला सरकारी पाठबळ मिळाले. 'पंचोपाख्यान' (१८२२), 'विदुरनीति' (१८२३), सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' (१८२८), शास्त्रीमंडळाचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' (१८२९), मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१) आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) ही या काळातील प्रमुख पुस्तके होत.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते या समजुतीने अनेक लोक छापील कागदास शिवत नसत, म्हणून धार्मिक ग्रंथांसाठी तुपात खललेली शाई वापरली जाई. गोविंद नारायण माडगावकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या पुस्तकात गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची माहिती आली आहे. हे पुस्तक स्वतःच एक दोलामुद्रित आहे.

लॅटिन अभिजात ग्रंथांच्या आद्य आवृत्त्यांशी तुलना करता येईल अशी प्राचीन मराठी काव्याची मुद्रिते याच काळात निघाली. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध केली. परशुरामपंत गोडबोले यांचे 'नवनीत' हे काव्यसंकलन १८५४ मध्ये निघाले. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' (१८५४) हा संग्रह आणि बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी याच मर्यादेत येतात.

प्रत ओळखण्याची साधने

दोलामुद्रिताचा काळ ठरविताना शीर्षकपृष्ठ, ग्रंथाच्या शेवटचा समाप्तिलेख, छापखान्याचे नाव, कागद आणि अक्षरांचे वळण यांचा विचार केला जातो. अनेक मराठी पुस्तकांवर केवळ शालिवाहन शक दिलेला असतो. शकात ७८ मिळविले असता इसवी सन मिळतो, मात्र शकाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात.

खिळ्यांनी छापलेल्या पानावर अक्षरांचा दाब बहुधा मागील बाजूस जाणवतो आणि तेच अक्षर सर्वत्र सारखे दिसते. शिळाछापाचे पान सपाट असते. त्यावरील मजकूर लेखनिकाने हाताने लिहिलेला असल्याने एकाच अक्षराच्या वळणात किंचित फरक आढळतो. शिळाछापाचे अनेक धार्मिक ग्रंथ आडव्या, सुट्या पानांच्या पोथीच्या आकारात आहेत. पुन्हा बांधणी करताना शीर्षकपृष्ठ गळाले असल्यास प्रत कोणत्या आवृत्तीची आहे हे ठरविण्यासाठी पूर्ण असलेल्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहावे लागते.

दुर्मीळता

दोलामुद्रितांची आजची संख्या मूळ छापील प्रतींच्या प्रमाणात नसते. जे पुस्तक अधिक वापरले गेले ते बहुधा अधिक लवकर नष्ट झाले. स्वाइनहाइम आणि पानार्ट्झ यांनी १४७२ मध्ये पोपकडे केलेल्या अर्जात आपण छापलेल्या पुस्तकांची यादी दिली आहे. तिच्या आरंभी मुलांसाठी छापलेल्या दोनातुसच्या लॅटिन व्याकरणाच्या ३०० प्रतींचा उल्लेख आहे. त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. सरदारांच्या आणि मठांच्या कपाटांत राहिलेले मोठ्या आकाराचे सिसेरो आणि लिव्ही मात्र टिकून राहिले.

मराठीतही हाच अनुभव येतो. कोश आणि व्याकरणे सरकारी कचेऱ्यांत, मिशनांत आणि युरोपीय अभ्यासकांच्या संग्रहांत जपली गेली. शाळेतील मुलांच्या हाती गेलेली पुस्तके, जुनी झालेली पंचांगे आणि अल्प किमतीच्या पुस्तिका फाटल्या किंवा रद्दीत गेल्या. त्यामुळे उपलब्ध संग्रहांवरून त्या काळच्या वाचनाचे अनुमान करताना ही उणीव ध्यानात घ्यावी लागते.

कागदाच्या बाबतीत चिंध्यांपासून केलेला जुना कागद तुलनेने चिवट असतो. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला आणि तो पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून १८४० च्या सुमाराचे पुस्तक १८९० च्या पुस्तकापेक्षा सुस्थितीत आढळू शकते. दमट हवा, कसर आणि वाळवी यांचा धोका दोन्हींना सारखाच असतो.

सूची आणि संग्रह

मुंबई इलाख्यात १८६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या देशी भाषांतील पुस्तकांची यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी तयार केली. जेम्स फुलर ब्लुमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध केली. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा परिचय देते आणि तिचा पुढील भाग १९३८ ते १९५० हा काळ व्यापतो. अनंत काकबा प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या आरंभाचा इतिहास १९५८ मध्ये इंग्रजी ग्रंथात मांडला.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९८) दोलामुद्रितांचा महत्त्वाचा संग्रह आहे. जुनी मराठी पुस्तके लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथांच्या संगणकीकरणाचे काम हाती घेतले आहे. संगणकीय प्रतीमुळे मूळ पुस्तकाची हाताळणी कमी होते आणि मजकूर दूरच्या वाचकालाही मिळतो. मात्र कागद, शाई, खिळ्यांचा दाब आणि बांधणी यांची तपासणी मूळ प्रतीवरच करता येते, म्हणून संगणकीकरणानंतरही मूळ प्रतीचे जतन आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

मुद्रणकला
ख्रिस्तपुराण
मोडी लिपी
शिळामुद्रण
मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय