सारख्या डोळ्यांचा इतिहास

अमेरिकी बालसाहित्यातील पूर्व आशियाई चेहऱ्याचा विचार करताना १९३८च्या ‘द फाइव्ह चायनीज ब्रदर्स’पाशी थांबावे लागते. कथा क्लेअर हुशे बिशप यांची, चित्रे कर्ट वीझे यांची. पाचही भाऊ इतके सारखे की, देहदंड सुनावलेल्या एकाच्या जागी दुसरा सहज खपून जातो. लोककथेत हे शोभते. परंतु चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा १८८२चा कायदा जिथे १९४३पर्यंत टिकला, तिथे रेघांच्या डोळ्यांचे ते पिवळे चेहरे निव्वळ गंमत उरत नाहीत.

तारो याशिमा यांच्या ‘क्रो बॉय’ने (१९५५) वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला स्वतंत्र चेहरा दिला, मात्र ती शाळा जपानी खेड्यातली होती. यांगसूक चोई यांच्या ‘द नेम जार’मधील (२००१) कोरियन उन्हेई अमेरिकी वर्गात येते आणि सोबत्यांनी सुचवलेली नावे बाजूला ठेवून स्वतःचेच नाव राखते.

जोआना हो यांच्या ‘आइज दॅट किस इन द कॉर्नर्स’मध्ये (२०२१) नायिकेचे डोळे आई, आजी आणि धाकट्या बहिणीसारखे आहेत. ज्या सारखेपणाने व्यक्ती पुसली होती, तोच येथे नात्याची खूण ठरतो. त्याच वर्षी मार्चमध्ये अटलांटा परिसरातील गोळीबारात आठ जण मारले गेले. त्यांपैकी सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. त्यामुळे या पुस्तकांकडे केवळ गोड आत्मगौरव म्हणून पाहता येत नाही. मुलाने आपला चेहरा प्रथम कोणाच्या नजरेने पाहावा, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.