कुट्टीयंत्र आणि माणसाचा हात



यंत्रांचा इतिहास सांगताना आपण बहुधा कारखानदाराचा इतिहास सांगतो. यंत्र कोणी बनविले, कोणत्या साली बनविले, हे आपणांस पाठ असते; ते चालवावयास कोण, कसे शिकले, हे मात्र कोणी टिपून ठेवीत नाही. म्हणून आज एरंडोलकडील खळ्यांवरच्या एका साध्या यंत्राविषयी, कडब्याची कुट्टी करणाऱ्या यंत्राविषयी, बोलावयाचे आहे.

विलायतेत जनावरांसाठी गवत कापून वाळवून ठेवतात. आमच्या खानदेशात वैरण म्हणजे मुख्यतः कडबा. काळ्या जमिनीत रब्बीला दादर पिकते. कणसे खुडली की ताटांच्या पेंढ्या बांधून सुडी रचावयाची, आणि नवा चारा येईपर्यंत बैलांनी तिच्यावर जगावयाचे. पण अख्खे ताट पुढे टाकले तर बैल पाने आणि शेंडा खातो, बुडखा पायाखाली तुडवितो. बऱ्या साली हे कोणाच्या डोळ्यांत येत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात लाखो जनावरे मेली. तशा साली तो बुडखा म्हणजे बैलाचे आयुष्यच होय. ताट बारीक तोडून घातले की बुडख्यासकट खाल्ले जाते. म्हणून लोक ते ठोकळ्यावर कुऱ्हाडीने तोडीत, आणि त्यात दिवस जाई.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले. पुढे शेतीची अवजारे हाती घेतली, तेव्हा नांगराच्या आधी त्यांनी केले ते कडबा कापण्याचे यंत्र. १९०३ साली लोखंडी नांगर निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे तो खपेना. किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० साली. कुट्टीयंत्र जमिनीला शिवत नाही, तेव्हा त्याच्यावर हा आरोप येणे कठीण होते. भय खरे होते ते निराळ्याच ठिकाणी.

यंत्राची रचना पाहा. एक जड लोखंडी चाक, त्याच्या आऱ्यांवर बसविलेली दोन पाती; समोर एक पन्हळ, आणि पन्हळीच्या तोंडाशी ताटे आत ओढणारे दोन दातेरी रूळ. एकाने मूठ धरून चाक फिरवावयाचे, दुसऱ्याने पेंढी सरकवावयाची. चाक फिरविणारा अर्ध्या दिवसात तयार होतो. खरी विद्या पेंढी सरकविणाऱ्याची. पेंढीच्या मागच्या टोकावरच हात ठेवावयाचा. शेवटची मूठभर ताटे हाताने कधी ढकलावयाची नाहीत, पुढच्या पेंढीनेच ती आत लोटावयाची. बाही वर, पदर खोचलेला. आणि एक गोष्ट नवख्याला पटत नाही: मूठ सोडली तरी चाक आपल्या भारानेच आणखी फिरते. “थांब” म्हटल्यावर ते थांबत नाही.

हे शिकवीत कोण?  आखाजीच्या दिवशी नवा सालदार कामावर लागे आणि बहुधा जुन्या सालदाराकडे पाहूनच शिके. माझ्या आजोळी पेंढी सरकविणाऱ्या म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अर्धीच होती. आम्हा मुलांना तो काही समजावून सांगत नसे. हात तेवढा दाखवी. तसा शिक्षक मला पुढे शाळेत भेटला नाही. परंतु ज्या विद्येची फी बोटांनी भरावी लागते तिला मी परंपरा म्हणणार नाही. यंत्र विकणाऱ्याने ते चालवावयास शिकविलेही पाहिजे, ही साधी गोष्ट आपल्याकडे फार उशिरा सुचली. धोकादायक यंत्रांविषयीचा केंद्राचा कायदा झाला १९८३ साली, आणि त्याचा रोख होता मुख्यतः मळणीयंत्रांवर.

पुढे विजेची मोटार आली. हाताच्या यंत्रावर दोन माणसे समोरासमोर असत. एकाचा चेहरा बदलला तर दुसऱ्याचा हात आखडे. मोटारीला चेहरा दिसत नाही, आणि आता एकटाच माणूस पेंढी सरकवितो. रुळांवर झाकण आणि उलट फिरविण्याचा दांडा असलेली यंत्रे मिळतात. पण काम भराभर उरकावे म्हणून झाकण काढून ठेवलेलेही मी पाहिले आहे.

आजोळी काम आटोपले की आजी चाकाच्या आऱ्यांतून साखळी ओवून ती खांबाला बांधीत असे, आणि किल्ली कनवटीला लावून मगच जेवावयास बसे.