ग्रंथदेवघेव, साथरोगकालीन

साथीच्या रोगाच्या काळात ग्रंथपाल आणि वाचक यांचा प्रत्यक्ष संपर्क टाळून ग्रंथ देण्याच्या व परत घेण्याच्या ज्या पद्धती योजिल्या जातात, त्यांना ही संज्ञा लावता येईल. कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२२) या पद्धतींना 'संपर्कविरहित देवघेव' असे नाव मिळाले. नाव नवे असले, तरी ग्रंथ हे रोगाचे वाहन ठरेल काय, हा प्रश्न जुना आहे आणि त्याला निरनिराळ्या काळी दिली गेलेली उत्तरे रोगविज्ञानाइतकीच समाजाच्या भीतीवरही प्रकाश टाकतात.

कागदाविषयीचा संशय सार्वजनिक ग्रंथालयांहून जुना आहे. व्हेनिस येथे १४२३ मध्ये प्लेगसाठी विलगीकरणाचे स्थायी रुग्णालय उभारण्यात आले. पुढे यूरोपातील बंदरांतून पत्रांना छिद्रे पाडून धुरी देण्याचा किंवा ती व्हिनेगारमध्ये बुडविण्याचा प्रघात पडला. एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक ग्रंथालयांचा प्रसार झाला आणि एकच पुस्तक अनेक अनोळखी घरांतून फिरू लागले. त्याच सुमारास जंतुशास्त्राचाही उदय होत होता. या दोहोंच्या संयोगातून इंग्लंड-अमेरिकेत ग्रंथांविषयी एक भीतीची लाटच उसळली. अमेरिकेतील ओमाहा येथील ग्रंथपाल जेसी ॲलन यांचे १८९५ मध्ये क्षयाने निधन झाले, तेव्हा पुस्तकांतूनच त्यांना हा रोग जडला असावा अशी चर्चा झाली. कार्बोलिक अम्लाची वाफ व फॉर्माल्डिहाइड वायू यांनी पुस्तके शुद्ध करण्याचे प्रयोग झाले. इंग्लंडमध्ये १९०७ च्या सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्याने संसर्गजन्य रोग झालेल्या व्यक्तीस सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक नेण्यास मनाई केली. पुस्तकांमुळे साथ पसरल्याचा सबळ पुरावा मात्र पुढे आला नाही आणि ही भीती हळूहळू ओसरली.

महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा इतिहास साथींपासून अलग काढता येत नाही. रत्नागिरी (१८२८), नासिक (१८४०), पुणे (१८४८) आणि वऱ्हाडातील अकोला (१८६०) येथील वाचनालये एव्हाना जुनी झाली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले. पुढील फेब्रुवारीत साथरोग अधिनियम, १८९७ संमत झाला. घरांची सक्तीची तपासणी, सामानाची जाळपोळ, भिंतींना चुना आणि वस्त्यांचे स्थलांतर या उपायांनी लोक त्रस्त झाले. पुण्यात त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग-अधिकारी रँड याच्यावरील गोळीबारात झाली, हे सर्वश्रुत आहे. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे पॉल-लुई सीमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. म्हणजे ज्या अंथरूण-पांघरुणांची होळी झाली, त्यांतील बहुतेकांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना त्याच वर्षी, म्हणजे प्लेगचा जोर असताना झाली, याची येथे नोंद केली पाहिजे. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने मध्यप्रांत व वऱ्हाड या भागाला विलक्षण तडाखा दिला. भारतातील सर्वाधिक मृत्युप्रमाण असलेल्या प्रांतांत त्याची गणना होते.

वाचकाने ग्रंथालयाकडे यावे याऐवजी ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, ही कल्पनाही साथीची देणगी नव्हे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड (कार. १८७५–१९३९) यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांस पाचारण केले व त्यांच्या देखरेखीखाली ग्रंथालयांचे जाळे विणले. त्याचाच एक भाग म्हणजे फिरती ग्रंथालये. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगावी पाठविल्या जात आणि काही काळाने त्या परत येऊन दुसऱ्या गावी रवाना होत. नासिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजनाही पेट्यांचीच आहे. पेटीच्या पद्धतीत ग्रंथपाल व वाचक यांची भेट घडत नाही. मात्र पेटी सांभाळणारा गावचा माणूस विश्वासू असावा लागतो.

देवघेवीची यंत्रणा : नोंदवही ही देवघेवीची जुनी व आजही प्रचलित असलेली पद्धत होय. वाचकाचे नाव, पुस्तकाचा दाखलक्रमांक, दिनांक आणि सही असे तिचे स्वरूप असते. तीत पुस्तकाहून अधिक हात लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे दोरीने टेबलाला बांधलेले पेन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या व नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपालांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक पुस्तकाला एक ग्रंथपत्र आणि प्रत्येक वाचकाला खिशाच्या आकाराचे एक वाचकपत्र असते. ग्रंथपत्र वाचकपत्रात घालून परतीच्या दिनांकाप्रमाणे लावून ठेवले की नोंद पूर्ण होते व सहीची गरज उरत नाही. पुढे दंडसंकेत (बारकोड) आले व संगणकीय नोंद सुरू झाली. त्यानंतरचा टप्पा रेडिओ-कंप्रता अभिज्ञानाचा (आरएफआयडी) आहे. यात पुस्तकाच्या आतल्या बाजूस एक पातळ पट्टी चिकटवितात. तीत सूक्ष्म चकती व आकाशक असून विद्युत् घट नसतो. वाचनयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठविते. ग्रंथालयांत यासाठी सामान्यतः १३·५६ मेगॅहर्ट्‌झ ही कंप्रता वापरतात. सिंगापूरच्या बुकिट बाटोक येथील ग्रंथालयात १९९८ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि २०११ मध्ये तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ २८५६०) प्रसिद्ध झाले. या तंत्रात 'संपर्कविरहित' याचा अर्थ पट्टी व यंत्र यांचा स्पर्श न होणे असा होता. साथीच्या काळात तोच शब्द माणसामाणसांतील स्पर्शाविषयी योजिला गेला. पुस्तक मात्र दोन्ही प्रसंगी हाताळावेच लागते.

२०२० ची साथ : महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी आढळले. त्याच महिन्यात १८९७ चा साथरोग अधिनियम पुन्हा लागू करण्यात आला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. राज्यातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये त्या सुमारास बारा हजारांच्या आसपास होती. ती सर्व बंद झाली. कागदाविषयीचा जुना संशयही परतला. राज्य शासनाच्या १८ एप्रिलच्या आदेशाने वृत्तपत्रे छापण्यास मुभा दिली, पण ती घरोघरी वाटण्यास मनाई केली. त्यावर टीका झाली व काही दिवसांतच हे बंधन मुंबई-पुणे परिसर आणि प्रतिबंधित क्षेत्रे यांपुरते मर्यादित करण्यात आले.

पुस्तके किती दिवस अलग ठेवावीत, याचे उत्तर प्रयोगशाळेतून मिळविण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. ओसीएलसी ही ग्रंथालय-सहकार संस्था, तेथील संग्रहालय व ग्रंथालय सेवा संस्था आणि बॅटेल ही संशोधनसंस्था यांनी संयुक्तपणे हे काम केले. जून २०२० मधील पहिल्या चाचणीत पुठ्ठ्याची व कागदी वेष्टने, मिटलेल्या पुस्तकातील पाने आदी पाच प्रकारच्या पृष्ठभागांवर तीन दिवसांनंतर विषाणू आढळला नाही. गुळगुळीत पानांची पुस्तके व तत्सम साहित्य यांना चार दिवस लागले. परंतु पुस्तके एकावर एक रचून ठेवली असता सहा दिवसांनंतरही काहींवर विषाणू आढळला. हा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होता, कारण जागा अपुरी असलेल्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तके रचूनच ठेवली जातात. जंतुनाशक द्रवाने वेष्टने पुसणे हा उपाय पुस्तकांस अपायकारक ठरतो. अतिनील किरणांच्या पेट्याही विकल्या गेल्या, पण ते किरण पृष्ठभागावरच कार्य करतात आणि मिटलेल्या पानांपर्यंत पोहोचत नाहीत. स्वस्त, निरुपद्रवी आणि खात्रीचा उपाय एकच होता : पुस्तके सुटी मांडून वाट पाहणे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे जाहीर केले. धोका पुस्तकात नव्हता, तर वाचनकक्षातील हवेत होता.

राज्य शासनाने १४ ऑक्टोबर २०२० च्या आदेशान्वये दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालये उघडण्यास परवानगी दिली. दिवाळी अवघ्या महिन्यावर आली होती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजना'च्या १९०९ मधील अंकापासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा ग्रंथालयांच्या देवघेवीचा हंगामच ठरवीत असते. ठराविक वर्गणी भरून अंक आळीपाळीने न्यावयाचे, अशी योजना असंख्य वाचनालये चालवितात. एक अंक वाचकाकडे सरासरी चार दिवस राहतो असे मानल्यास चार महिन्यांत तो तीस वाचकांना मिळू शकतो. प्रत्येक फेरीनंतर तो तीन दिवस बाजूस ठेवावयाचा म्हटले, तर हीच संख्या सतरावर येते. अलगीकरणाचा नियम कागदावर निर्धोक दिसत असला, तरी त्याची किंमत वाचक मोजत होता.

ग्रामीण भागातील स्थिती : बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासात ऑक्टोबर १७२४ च्या लढाईसाठी प्रसिद्ध आहे. तीत निजामुल्मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला व मुबारिझखान मारला गेला. विजयानंतर गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले, पण लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. या लढाईने दक्षिणेत निजामाची सत्ता स्थिर झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला व १९०३ मध्ये तो प्रदेश मध्यप्रांताला जोडला गेला. मुंबई इलाख्यात १९३९-४० मध्ये फैजी समितीने ग्रंथालयविकासाची योजना आखली, तेव्हा वऱ्हाड त्या इलाख्याबाहेर होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अंमलात आल्यानंतर मात्र या भागातील वाचनालयांना पश्चिम महाराष्ट्रातील वाचनालयांबरोबरीने मान्यता व अनुदान मिळू लागले.

या अधिनियमाखाली ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडतात. साखरखेर्ड्यासारख्या गावांच्या परिसरातील लहान वाचनालये बहुधा खालच्या वर्गांत मोडतात. २०१२ नंतर ड वर्गाचे वार्षिक अनुदान तीस हजार रुपये होते. सेवकाचे वेतन, पुस्तके, वृत्तपत्रे व इतर खर्च त्यातच भागवावयाचा. स्वयंसेवी यंत्रे व पट्ट्या यांचा खर्च काही लाखांच्या घरात जातो, तेव्हा अशा वाचनालयाच्या दृष्टीने त्यांचा विचारही अप्रस्तुत होता. तेथील संपर्कविरहित देवघेव साध्या साधनांनी करावी लागली. वाचकाने पुस्तकाचे नाव भ्रमणध्वनीवरून कळवावयाचे. ग्रंथपालाने ते पिशवीत घालून दाराशी ठेवावयाचे. नोंद त्यानेच करावयाची आणि परत आलेली पुस्तके वेगळ्या टेबलावर दिनांकाची चिठ्ठी लावून ठेवावयाची. राज्यात ठिकठिकाणी थोड्याफार फरकाने अशीच रीत पडली.

तिच्या मर्यादा उघड होत्या. ग्रंथसूची संगणकावर नसली, तर वाचकाला मागणी कशाची करावी हेच कळत नाही. लहान वाचनालयात तो कपाटापुढे उभा राहून, चार पुस्तके उघडून पाचवे निवडतो. मुक्तद्वार पद्धतीचे हे सुख संदेशावर मिळत नाही. अल्पशिक्षित वाचक, भ्रमणध्वनी नसलेल्या स्त्रिया व मुले यांची मागणी परस्परच कमी झाली. गावातील अनेक वाचनालयांचा खरा उपयोग पुस्तक नेण्यासाठी नसून बसण्यासाठी असतो. स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना घरी न मिळणारी शांत जागा तेथे मिळते. पिशवीतून ती पाठविता येत नव्हती.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. हातात न देता दुरून ठेवणे किंवा वरून टाकणे ही कृती या प्रदेशात निरर्थक नाही. अस्पृश्यतेच्या व्यवहारात पिढ्यानपिढ्या अनेकांनी ती अपमान म्हणून सोसली आहे. 'सामाजिक अंतर' या शब्दप्रयोगाला झालेल्या आक्षेपामागे ही स्मृती होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' या पर्यायाचा पुरस्कार केला, जरी तिची कारणे वेगळी होती. दाराशी ठेवलेली पिशवी सर्वांसाठी सारखीच असल्याने तिला तो अर्थ चिकटला नाही. काही घरांपुरतीच ती योजिली असती, तर चिकटला असता.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेमुळे कडक निर्बंध परत आले. राज्यातील सर्व निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढी पाडव्याच्या दिवशी उठविण्यात आले. त्यानंतर अलगीकरणाची टेबले हलली, नोंदवही पुन्हा उघडली आणि सहीचे पेन वाचकांच्या हाती परतले.