चांद्यावरचा बर्फ

मे महिन्यात पारा सत्तेचाळिसाला टेकला की आमच्या चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशाच उन्हात मी पैनगंगेकाठी इरई गावाकडे खडकावरचे ओरखडे शोधायला गेलो होतो. एकोणिसाव्या शतकात भूगर्भ सर्वेक्षणाच्या फेडन यांनी इथल्या चुनखडीवर ते पाहिले : गुळगुळीत घासलेला दगड आणि त्यावर समांतर रेघा. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथून हिमनदी सरकली. तिच्या तळाशी रुतलेल्या दगडांनी खडक कानशीसारखा घासला. चांद्यात बर्फ! आजही हे उच्चारताना माझ्या अंगावर काटा येतो.

बर्फ वितळला, जमीन खचू लागली. खचलेल्या पट्ट्यात नद्यांनी वाळू-चिखल ओतला, ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांचं रान त्याखाली गाडलं गेलं आणि त्याचा कोळसा झाला. वरोऱ्यात १८७०च्या दशकात खणायला घेतलेला कोळसा तोच. या थरांना भूगर्भशास्त्रज्ञ मेडलिकॉटने १८७२ मध्ये गोंडवाना हे नाव दिलं, ते गोंडांच्या मुलखावरून. आमच्या चांद्याचा परकोट गोंडराजांनीच बांधलेला, म्हणून ते नाव मला घरचं वाटतं. पुढे तेच जगातल्या एका महाखंडाचं झालं.

सिरोंच्याकडे थर आणखी तरुण. वडधमला झाडांचे बुंधे दगड होऊन पडलेत, वलयांसकट. नद्यांनी पुरलेलं आता पाऊसपाणीच उघडं करतंय, दर पावसाळ्यात थोडं थोडं.