विमानप्रवासाचा प्रत्याम्नाय : पर्यटकांच्या कार्बन-भरपाईचा इतिहास

कृच्छ्रासारखे कठीण प्रायश्चित्त ज्याला झेपत नसे त्याच्यासाठी धर्मशास्त्राने ‘प्रत्याम्नाय’ सांगितला होता. उपवासाऐवजी गोदान करावे अथवा गाईचे मूल्य द्यावे. एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून परतलेल्या प्रवाशांना या तरतुदींची चांगलीच ओळख होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य पर्यटकासाठी विमानप्रवासाचा असाच एक प्रत्याम्नाय निर्माण झाला. प्रवाशाने आपल्या वाट्याच्या कर्बवायूचा हिशेब काढावा आणि तेवढाच वायू अन्यत्र शोषला जावा किंवा टाळला जावा म्हणून रक्कम द्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. जुन्या प्रत्याम्नायात झीज दात्याचीच होत असे. नव्या व्यवहारात ती कोणाची होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवेतील वाढता कर्बवायू झाडे लावून शोषून घेता येईल का, या प्रश्नाची चर्चा भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९७७ मध्ये केली होती. प्रत्यक्ष व्यवहार दशकभराने आला. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात उभ्या राहणाऱ्या सुमारे १८० मेगावॅटच्या कोळसा-विद्युतकेंद्राच्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून एईएस या कंपनीने ग्वाटेमालातील वृक्षलागवडीस अर्थसाह्य दिले. पाच कोटींहून अधिक झाडे लावण्याचे नियोजन होते आणि ती लावावयाची होती तेथील अल्पभूधारक शेतकऱ्यांनी. धूर एका देशात आणि खड्डे खणणारे हात दुसऱ्या देशात, ही रचना येथेच ठरून गेली.

ती पर्यटनात शिरली याचे कारण राज्यसंस्थांनी सोडलेल्या पोकळीत आहे. १९४४ च्या शिकागो कराराने परदेशातून आलेल्या विमानातील शिल्लक इंधन शुल्कमुक्त ठरविले, आणि पुढे द्विपक्षीय करारांनी ही सवलत विस्तारली. १९९७ च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन कोणत्याही देशाच्या खात्यावर न मांडता तो प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपविला. जे उत्सर्जन कोणाचेच नव्हते ते प्रवाशाच्या सदसद्विवेकाचे झाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘फ्यूचर फॉरेस्ट्स’ आणि ‘क्लायमेट केअर’ या संस्था निघाल्या. २००२ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल’ या प्रवासी कंपनीने भरपाईची सोय ग्राहकांपुढे ठेवली, तर २००५ मध्ये ब्रिटिश एअरवेजने ‘क्लायमेट केअर’शी सहकार्य केले.

या रकमेचे पुढे काय होते हे भारतात स्पष्टपणे दिसले. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २००२ मधील ध्वनिमुद्रिकेची भरपाई म्हणून ‘फ्यूचर फॉरेस्ट्स’मार्फत कर्नाटकातील गुडिबंडे परिसरात दहा हजार आंब्याची रोपे लावण्याची योजना जाहीर झाली. हा मुलूख कायमचा दुष्काळी. २००६ मध्ये लंडनच्या ‘संडे टेलिग्राफ’ने तेथे वार्ताहर पाठविला, तेव्हा पाण्याअभावी पुष्कळ रोपे वाळून गेल्याचे आणि मशागतीसाठी कबूल केलेले साह्य मिळाले नसल्याची शेतकऱ्यांची तक्रार असल्याचे उघड झाले. आंब्याचे रोप पहिली काही वर्षे हंडाभर पाण्यावर जगते हे खरे. परंतु तो हंडा कोणीतरी वाहून आणावा लागतो, आणि भरपाईच्या कोष्टकात हंड्याचा रकाना नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘क्लायमेट केअर’ने भारतातील लहान शेतकऱ्यांना पायाने चालवावयाचे पंप पुरविण्याच्या कार्यक्रमास पैसा दिला. डिझेल वाचले म्हणजे कर्बवायू टळला, असा हिशेब होता. पंप निरुपयोगी मुळीच नव्हता. भाड्याच्या डिझेल इंजिनावर पैसे घालविणाऱ्या शेतकऱ्याला तो स्वस्त पडे. परंतु २००७ मध्ये ‘द टाइम्स’ने गणित मांडले की भारतात येऊन परतणाऱ्या एका प्रवाशाच्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी एका ग्रामस्थाला तीन वर्षे पाय चालवावे लागतील. काही तासांच्या उड्डाणासमोर तीन वर्षांचे श्रम ठेवले गेले. हे श्रम ‘टळलेले उत्सर्जन’ या नावाने नोंदले जात, आणि खरेदीदाराच्या प्रमाणपत्रावर त्यांचा मागमूसही नसे.

२००९ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल’ने स्वतःची योजना बंद केली. भरपाईमुळे प्रवास कमी करण्याची निकड मंदावते, अशी तिची भूमिका होती. ज्यांनी ही वस्तू आधी विकली त्यांनीच ती मागे घ्यावी, ही या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक घटना म्हटली पाहिजे.

व्यवहार मात्र थांबला नाही. तो व्यक्तीकडून विमान कंपन्यांकडे सरकला. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ‘कोर्सिया’ ही योजना स्वीकारली. तीत एका आधाररेषेवरील वाढीव उत्सर्जनाचीच भरपाई अपेक्षित आहे. २०२१ ते २०२६ हे टप्पे ऐच्छिक ठेवले गेले व भारत त्यांत सामील झाला नाही. २०२७ पासून मोठ्या विमानवाहतुकीच्या देशांना ती बंधनकारक आहे. मुंबई-दिल्लीसारखी देशांतर्गत उड्डाणे तिच्या कक्षेतच येत नाहीत. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या कंपनीच्या जबाबदार विमानप्रवासाविषयीच्या काही जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरविल्या. त्यांत वृक्षलागवडीने प्रवासाचा परिणाम कमी होतो असा दावाही होता. निकाल ग्राहकसंरक्षण कायद्याखाली लागला. झाडे लावणारे त्या खटल्यात पक्षकार नव्हते.