लशीचा ताप आणि मुल्कोवालची बाटली

मूल टोचून आणले की रात्री ताप भरतो, मांडी सुजते आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ''चांगल्या पोराला आजारी करून आणलेत!'' पालकसभेतही हा प्रश्न निघतो. प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही.

सन १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग शिरला. सरकारने शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांनाही ताप आला, टोचल्या जागी दुखले. लोक बिचकत होते. तेव्हा ऐन विशीतले तिसरे आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि ही बातमी मुद्दाम सर्वत्र पसरविली. जमातीच्या पुढाऱ्याने नुसता उपदेश न करता आपला दंड पुढे करावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतली लस गेली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन. हाफकिन निलंबित झाले. पण बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे साक्षीपुराव्यातून दिसून आले. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. लस निर्दोष ठरली, तरी ती १९ माणसे गेलीच. त्यानंतर कोणी दंड मागे घेतला असेल, तर त्याला अडाणी म्हणवत नाही.

म्हणूनच लशीने काहीच होत नाही, असे पालकांना सांगू नये. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहतो. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लशीने एक-दोन दिवस ताप येतो. गोवराच्या लशीनंतर आठवड्याभराने क्वचित ताप व पुरळ दिसते. तीव्र ॲलर्जी अगदी विरळा, पण ती बहुधा लगेच उद्भवते. त्यासाठीच केंद्रावर अर्धा तास थांबवून घेतात. पूर्वीच्या डोसानंतर झटके आले असतील किंवा मूल तासन् तास रडले असेल, तर पुढच्या खेपेस सुई लावण्यापूर्वीच ते डॉक्टरांना सांगावे आणि कार्डावर लिहून घ्यावे.